भोंग्याचं सुकं मटण

साहेबांच्या सुनेनं खोकं दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आदळलं, तरी टेबल डुगडुगलं नाही. निरीक्षकांची नजर मात्र टेबलाच्या पायाकडे गेली. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याच्याखाली चौघडी करून दाबलेला कागद होता. तो कागद म्हणजे याच सुनेच्या सासऱ्यांनी पाठवलेलं पत्र होतं, आणि त्या पत्राला उत्तर गेलेलं नव्हतं.

“प्लग कुठे आहे, काका?”

“टेबलाखाली. पण राहू द्या, मी लावतो.”

तोवर ती वाकलीसुद्धा होती. प्लग लागल्याचा आवाज झाला. पण ती वर आली नाही.

“हे आमच्या बाबांचं अक्षर,” ती खालूनच म्हणाली. “हिरवी शाई.”

निरीक्षकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्यांची धाकटी बहीण आत वळली आणि रिकाम्या पातेल्यावरचं झाकण उचलून पाहू लागली.

“असू दे,” सून उठली, हात झटकत. “कशाच्या तरी उपयोगी आलं. घरी त्यांच्या बोलण्याचा तेवढाही उपयोग होत नाही.”

तिचे सासरे म्हणजे वजनमापं खात्यातले निरीक्षकांचे साहेब. खात्यात सगळे त्यांना पाठीमागे भोंगा म्हणत. ते फोनवर बोलू लागले, की यांना फोन कशाला हवा, असा प्रश्न पलीकडच्या खोलीतल्या लोकांना पडायचा. निरीक्षकांनी जवळजवळ सगळी नोकरी त्यांच्या हाताखाली काढली. बाजारात जायचं, तराजू तपासायचे, वजनं उलटी करून त्यांच्या बुडाचं शिसं कुणी खरवडलंय का ते पाहायचं, दवाखान्यांचे आणि दूधकेंद्रांचे थर्मामीटर बर्फात बुडवून बघायचे, आणि खोट निघाली की शिक्का नाकारायचा, हे निरीक्षकांचं काम. नाकारलेल्या माणसाच्या पाठीवर थाप मारायची, त्याचा चहा प्यायचा आणि “चालायचंच हो, दोन ग्रॅमनं कोण उपाशी मरतंय?” म्हणत शिक्का मारून द्यायचा, हे भोंग्याचं काम. भोंग्याला बढत्या मिळत गेल्या. निरीक्षकांना आम्लपित्त मिळालं.

निवृत्तीनंतर भोंग्याला छंद जडले. आधी मधमाश्या, मग अळिंबी, मग मातीची भांडी. प्रत्येक छंदाचं पीक जुन्या सहकाऱ्यांच्या घरी पोचतं व्हायचं. मध आंबट निघाला, भांडी गळाली, अळिंबीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, आणि सगळ्यांनी फोन करून छान झालंय म्हणून सांगितलं. आता सुकं मटण. डिहायड्रेटर नावाचं एक मशीन मिळतं, त्यात जाळीच्या ताटल्या एकावर एक बसतात, खालून कोमट हवा खेळते आणि मांसाच्या पातळ पट्ट्या दिवसभरात वाळतात. भोंग्यानं पाकीट पाठवलं होतं. निरीक्षकांनी ते उघडलं, हुंगलं आणि कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घातलं. दुसऱ्या दिवशी कुत्रं दाराशी येऊन बसलं.

“कुत्रं तुझ्यापेक्षा प्रामाणिक आहे, दादा,” बहीण म्हणाली होती. “आवडलं तर आवडलं म्हणतं.”

त्यानंतर पत्र आलं. सगळे छान म्हणतात, पण मशीनची तबकडी साठ अंश दाखवते ते खरोखर साठ आहेत का, हे तुमच्याशिवाय कुणाला विचारू, असं त्यात होतं. नातीच्या शाळेची मुलं डोंगरावर मुक्कामाला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर हे मटण द्यायचं मनात आहे, तर एकदा येऊन तपासून द्यावं. निरीक्षकांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. ज्या माणसानं आयुष्यभर अंश आणि ग्रॅम चहात बुडवून खाल्ले, त्याला म्हातारपणी एका तबकडीची शंका यावी, याचं त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी कागदाची चौघडी केली, आणि मग टेबलाचा तो पाय त्यांच्या नजरेस पडला.

“मुलं शनिवारी निघतात,” सून म्हणाली. तिला बसायला सांगितलं होतं, पण ती बसली नव्हती. “बाबांनी शाळेच्या बाईंना परस्पर सांगून टाकलंय, अख्ख्या वर्गाला पुरेल एवढं मी देतो म्हणून. बाईंनी टाळ्या वाजवल्या. उद्या कुणाचं पोट बिघडलं तर त्या टाळ्या माझ्या गालावर वाजतील. मी सांगितलं, जाणत्या माणसानं तपासल्याशिवाय एक तुकडा घराबाहेर जाणार नाही. तर म्हणाले, जाणता एकच आहे आणि तो उत्तर देत नाही. म्हटलं, मग मशीनच नेऊन ठेवते त्याच्यापुढे.”

“आणि नापास झालं तर?” निरीक्षकांनी विचारलं.

“तर मशीन भंगारात आणि बाबा टीव्हीसमोर. मग त्यांच्या हातात रिमोट देईन, तोही मोजूनमापून.” हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा तकाकी आली. “मला लेखी द्या, काका. तोंडी नको. त्यांच्या कानातून आत जातं एक आणि तोंडातून बाहेर येतं दुसरंच.”

ती गेल्यावर बहिणीनं दार लावलं.

“कसली कडू बाई!”

“बरोबर बोलत होती.”

“म्हणून तर कडू लागली.” बहिणीनं खोक्यावरचं चित्र पाहिलं. त्यावर एक हसरं कुटुंब एका ताटलीभोवती उभं होतं, प्रत्येकाच्या हातात चामड्याच्या पट्टीसारखं काहीतरी. “ह्यांना इतकं हसायला काय झालंय? मटण वाळलंय, लॉटरी नाही लागली.”

पण निरीक्षकांना आज कितीतरी वर्षांनी काम सापडलं होतं. त्यांनी मशीनसोबतची पुस्तिका शेवटपर्यंत वाचली, जागोजागी पेन्सिलीनं खुणा केल्या आणि तीन ठिकाणी भाषेच्या चुका दुरुस्त केल्या. मतलब एवढाच होता: मांस आधी उकळत्या पाण्यात आतपर्यंत शिजवून घ्यायचं, कारण नुसती कोमट हवा रोगजंतू मारत नाही. मग ताटल्यांवर एकेक पट्टी सुटी पसरायची आणि हवा पंचावन्न ते साठ अंशांवर धरायची. पंचावन्नच्या खाली गेली तर मांस वाळायच्या आत आंबतं.

“पंचावन्न,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि शिकाऱ्यानं हात चोळावेत तसे त्यांनी हात चोळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं मांडीचं मटण आणलं. दुकानदाराला तिनं चरबी काढून मागितली तेव्हा त्यानं विचारलं होतं, घरी कुणी आजारी आहे का. मटण तिनं फ्रीजरमध्ये ठेवून अर्धवट गोठवलं होतं, म्हणजे सुरी सरळ चालते. पट्ट्या कापताना ती बोलत राहिली.

“हे असं पातळ पातळ कापायचं, मग वाळवून चिवट करायचं, मग दात पडेस्तोवर चावायचं. एवढं करण्यापेक्षा ताजं शिजवून खाल्लं तर काय आभाळ कोसळेल?”

“डोंगरावर टिकतं ते.”

“डोंगर आहे का भोंग्याच्या घरात? गॅलरीत चढायचं तर धाप लागते त्याला.” तिनं एक पट्टी उजेडात धरली. तिच्यातून खिडकीचा गज दिसत होता. “ही पाहा. तुझ्या साहेबाच्या भाषणासारखी. लांबच लांब आणि आरपार.”

निरीक्षक हसले. या घरात एकमेकांना हसवायची हीच एक रीत उरली होती. तिसऱ्या माणसाला सोलायचं. ती विधवा होऊन इकडे राहायला आली तेव्हा पहिले कित्येक महिने दोघं जेवताना बोलत नसत. मग एकदा ते भोंग्याच्या चालण्याची नक्कल करून बसले, आणि तिच्या हातातला घास खाली पडला. तेव्हापासून भोंगा त्यांच्या ताटात रोज लोणच्यासारखा असे.

तिनं मीठ, मिरपूड, लसूण आणि व्हिनेगर घातलेलं पाणी उकळायला ठेवलं आणि पट्ट्या त्यात सोडल्या.

“ह्याचा ताप नाही बघायचा?”

“उकळतं ते उकळतं,” निरीक्षक म्हणाले. “त्यात काय मोजायचं? लबाडी तबकडीत असते.”

त्यांनी खिडकीतला थर्मामीटरचा डबा घेतला. खात्यानं पाऱ्याचे थर्मामीटर बंद करून लाल द्रवाचे आणले, त्या पहिल्या खेपेतला तो. तेव्हा बर्फात बुडवून सगळ्यांत अचूक निघाला तो त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. निवृत्तीच्या दिवशी तो जमा करायला गेले तर भोंग्यानं पाठीवर थाप मारली. “न्या हो घरी. कोण विचारतंय?” तेवढी एकच थाप निरीक्षकांनी निमूट सोसली होती. गेली अकरा वर्षं तो खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात त्याच्या डब्यात पडून होता, आणि आठवड्यातून एकदा ते त्याला पुसत. त्याच्या वरच्या टोकाला पितळी टोपण होतं, त्यात अडकवायची कडी.

मशीनच्या झाकणाला हवा जायला एक भोक होतं. त्यातून त्यांनी थर्मामीटर आत सोडला. मशीन घुमू लागलं. त्याचा आवाज शेजारच्या घरातल्या पंख्यासारखा होता, काही वेळानं ऐकू येईनासा होणारा. तबकडी साठवर. निरीक्षक खुर्ची ओढून समोर बसले आणि हातातलं भिंग लाल रेषेच्या टोकाशी धरलं.

बावन्न.

ते उठले, एक चक्कर मारली, पुन्हा बसले. बावन्न. त्यांनी ताटल्यांची अदलाबदल केली, खालची वर आणि वरची खाली, थर्मामीटर डाव्या बाजूला सरकवला, मग उजव्या. बावन्न. दुपारी बहिणीनं ताट वाढून हाक मारली तेव्हा ते मुलासारखे पळत आले.

“बावन्न!”

“काय बावन्न?”

“साठ दाखवतंय आणि आत बावन्न आहे! आठ अंश! भोंगा तो भोंगाच. मशीनसुद्धा स्वतःसारखंच निवडलंय.”

“बाहेर मोठा आवाज आणि आत कोमट,” बहीण म्हणाली, आणि ते इतके हसले की ठसका लागला.

जेवण झाल्यावर ते टेबलाशी बसले. पत्रातल्या मुद्द्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं, म्हणून त्यांनी टेबल उचलून भोंग्याचं पत्र काढलं आणि त्याच्या जागी पुस्तिका सारली. पत्राला धुळीचा चौकोन उमटला होता. त्यात एक वाक्य होतं, जे त्यांनी पहिल्या वेळी नीट वाचलं नव्हतं: छान म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, मी स्वतः आयुष्यभर छानच म्हणत आलो. निरीक्षकांनी त्याखाली तांबडी रेघ मारली. कबुलीजबाब आयताच हाती आला होता.

मग ते लिहीत गेले. एरवी दुकानदाराशी बोलताना त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, पण कागदावर ती सुरी होती. त्यांनी आधी मशीनबद्दल लिहिलं. मग मशीन विकत घेताना ते तपासून न घेणाऱ्या माणसाबद्दल लिहिलं. मग अशा माणसाला बढती देणाऱ्या खात्याबद्दल. दूधकेंद्राचा तो थर्मामीटर आठवतो का, असं विचारलं. मी नाकारला होता आणि आपण चहा पिऊन पास केला होता. आज आपल्याच नातीच्या तोंडात आंबलेलं मांस जाणार होतं. न्याय असा उशिरा येतो, पण वजन बरोबर घेऊन येतो. हे शेवटचं वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते उठून बहिणीला वाचून दाखवलं.

ती भांडी घासत होती. तिनं पाणी बंद केलं.

“नात काढायची गरज होती का?”

“ते सत्यच आहे.”

“असेल.” तिनं पाणी पुन्हा सुरू केलं. “पण पोरीनं काय घोडं मारलंय तुझं?”

त्यांनी ते वाक्य ठेवलं. पाकिटावर पत्ता घातला आणि वर ‘तातडीचे’ लिहिलं.

संध्याकाळी मशीन बंद केलं तेव्हा पट्ट्या गडद तपकिरी झाल्या होत्या. बहिणीनं त्या गार होऊ दिल्या, मग एक उचलून वाकवली. पट्टीला बारीक भेग गेली, पण ती तुटली नाही.

“पुस्तिकेत हेच लिहिलंय ना? भेग पडावी, तुकडा पडू नये?”

“हो. पण वास घे.”

तिनं वास घेतला. मग तुकडा मोडून तोंडात टाकला.

“अगं! खाऊ नको! बावन्नला ते आंबलेलं असणार.”

ती चावत राहिली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, बाजारातला नमुना चाखणाऱ्या माणसासारखी.

“मीठ जास्त आहे,” ती म्हणाली. “बाकी झकास आहे.”

“शक्यच नाही.”

“मग तसं ह्याला सांग.” तिनं दुसरा तुकडा त्यांच्यापुढे धरला. “ह्याला ठाऊक नाही की तो आंबलाय.”

निरीक्षकांनी तो घेतला, भिंगाखाली पाहिला, मधोमध फाडला. आत बाहेर सारखाच कोरडा. त्यांनी तो जिभेवर ठेवला. मिरपूड आली, धुरकट असा काहीसा गोडवा आला, मग मीठ. ते बराच वेळ चावत राहिले. पाकीट टेबलावर होतं. त्यांनी ते उचलून पुस्तकांच्या फळीवर ठेवलं, मग तिथून उचलून परत टेबलावर ठेवलं.

“उद्या टाकतो,” ते म्हणाले.

सकाळी बहीण चहाचं पाणी ठेवत होती तेव्हा ते थर्मामीटर हातात धरून स्वयंपाकघरात आले.

“हे पाणी उकळतंय?”

“नाही, नाचतंय.”

त्यांनी थर्मामीटर पातेल्यात धरला. बुडबुडे त्याच्याभोवती फुटत होते. लाल रेषा भराभर चढली, मंदावली आणि थांबली. त्यांनी चष्मा वर ढकलला, भिंग धरलं, वाफेनं धुरकटलेली काच अंगठ्यानं पुसली. लाल रेषा ब्याण्णववर उभी होती. त्यांनी वाट पाहिली. पाणी निम्मं आटलं.

“दादा, चहा करायचा आहे का पाण्याची वाफ करून घराला द्यायची आहे?” ती जवळ आली आणि थर्मामीटरकडे वाकून पाहू लागली. “हे वर काय आहे? टोपणापाशी? लाल काहीतरी चिकटलंय.”

त्यांनी पितळी टोपण काढलं. नळीच्या अगदी वरच्या टोकाला, रेषेपासून लांब, लाल द्रवाचा एक छोटासा तुकडा अडकून बसला होता. उन्हात पडून पडून खालच्या द्रवाची वाफ होत गेली असणार आणि ती वर जाऊन पुन्हा द्रव झाली असणार, आणि खालची रेषा तेवढीच तोकडी. असे थर्मामीटर त्यांनी खंडीनं पाहिले होते. कुठल्याही दूधकेंद्रात तो हाती आला असता तर दारातूनच त्यांनी तो नाकारला असता, आणि वर्षातून एकदा बर्फात तपासायचा असतो हे ठाऊक नाही का, असं मालकाला, चारचौघांत, हळू आवाजात विचारलं असतं.

त्यांनी फ्रीजरमधला बर्फ काढला, वाटीत कुटला, थोडं पाणी घातलं आणि थर्मामीटर त्यात उभा धरला. रेषा शून्यापर्यंत उतरली आणि उतरतच गेली. शून्याच्या खाली आठ.

“म्हणजे?” बहिणीनं विचारलं.

“म्हणजे आठ कमी दाखवतोय.”

“म्हणजे भोंग्याचं मशीन...”

“साठ.”

तिच्याकडे या क्षणासाठी निदान दहा वाक्यं तयार असणार, हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांतलं एकही आलं नाही तेव्हा त्यांना मान वर करता येईना. तिनं आटलेल्या पाण्यात नवीन पाणी ओतलं.

हा थर्मामीटर दुरुस्त होण्यासारखा होता. दांडा मुठीत धरून चार-सहा झटके दिले की तो लाल तुकडा खाली उतरतो, खालच्या रेषेला मिळतो आणि मग त्याला काही झालं होतं हे कुणाच्या बापाला कळत नाही. निरीक्षकांनी तो मुठीत धरलाही. मग टेबलावरचं पाकीट त्यांना दिसलं. तेही तसंच टाकता येण्यासारखं होतं. सुनेला लेखी हवं होतं, लेखी तयार होतं. तिनं मशीन आनंदानं भंगारात घातलं असतं. भोंग्यानं हूं की चूं केलं नसतं. त्याला तपासून घेण्यासाठी दुसरा माणूसच माहीत नव्हता.

त्यांनी मूठ उघडली आणि थर्मामीटर होता तसा डब्यात ठेवला.

टेबलाशी बसून त्यांनी आधीचं पत्र पाकिटातून काढून वाचलं. चार पानं. भाषेची एकही चूक नव्हती. वाचता वाचता त्यांचे कान तापले. न्याय आणि वजनाच्या त्या वाक्यापाशी आल्यावर त्यांनी पानं उलटी ठेवली आणि काही वेळानं चारही पानं मधोमध फाडली.

नवीन पत्राला वेळ लागला. मायना लिहायलाच लागला. आयुष्यभर खात्याच्या कागदांवर त्यांनी त्या माणसाला ‘मा. प्रमुख’ लिहिलं होतं आणि घरी भोंगा म्हटलं होतं. या दोहोंच्या मधला शब्द त्यांच्याकडे नव्हता. शेवटी त्यांनी मायना सोडूनच दिला.

‘आपलं मशीन तपासलं,’ त्यांनी लिहिलं. ‘तबकडी साठ दाखवते तेव्हा आत साठच असतात. दिवसभरात फरक पडला नाही. मांस आधी उकळत्या पाण्यात आतपर्यंत शिजवून घेत जावं, ते टाळू नये. त्याप्रमाणे इथे एक घाणा करून पाहिला, आम्ही दोघांनी खाल्ला. मुलांना द्यायला हरकत नाही.

‘माझा थर्मामीटर आठ अंश कमी दाखवत होता. त्यामुळे उत्तराला उशीर झाला असं लिहिणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आपलं पत्र आलं तेव्हा मी तो डब्यातून काढलाही नव्हता.’

ते थांबले. खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. मग त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: ‘मीठ थोडं कमी चालेल.’ आणि सही केली.

बहीण चहा घेऊन आली. तिनं न विचारता पत्र उचललं आणि उभ्यानंच वाचलं. शेवटच्या ओळीपाशी तिच्या ओठांचा कोपरा हलला.

“सून परवा येणारच आहे मशीन न्यायला. तिच्याजवळच दे की.”

“नको. तिच्या हातात दिलं तर ते त्यांच्या हातात जाईलच असं नाही.”

‘त्यांच्या’ हा शब्द तिनं ऐकला. पत्र घडी करून तिनं त्यांच्यापुढे ठेवलं.

“मग चहा पी आणि जा. आज टाकलंस तर उद्या दुपारी मिळेल.”

टपाल कचेरीत खिडकीशी तीन माणसं होती. निरीक्षक रांगेच्या शेवटी उभे राहिले आणि पाकिटाचा पत्ता पुन्हा वाचला. त्यांचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या तरुण कारकुनानं पाकीट घेतलं, वजनकाट्यावर टाकलं, उचललं, आणि आकडा सांगितला. हे सगळं त्यानं दुसऱ्या कुणाशी तरी बोलता बोलता केलं. पण पाकीट ठेवायच्या आधी काटा कुठे होता, ते निरीक्षकांनी पाहिलं होतं. त्यांचे डोळे तिकडे आपोआप जात.

“काटा,” ते म्हणाले.

“काय?”

“रिकामा असताना काटा शून्याच्या जरा पुढे आहे.” त्यांनी घसा साफ केला. “मला तसं दिसलं. माझा चष्माही जुना आहे. सवडीनं कुणाकडून तरी पाहून घ्या.”

“आजोबा, मी लागल्यापासून हा काटा असाच आहे.” कारकून हसला, आतल्या माणसाकडे पाहून, डोळा मिचकावत. “आजवर कुणाचं पत्र अडलं नाही.”

“असेल,” निरीक्षक म्हणाले, आणि त्यानं सांगितले तेवढे पैसे खिडकीत ठेवले.

कारकुनानं तिकीट चिकटवून शिक्का मारला. तो तिरका बसला. पाकीट त्यानं न बघताच मागच्या पोत्यात फेकलं. निरीक्षक त्या पोत्याकडे पाहत उभे राहिले, मागचा माणूस खाकरेपर्यंत.